मनगटावरील बिनतारी यंत्र : विपत्तीतील वैमानिकाची हाक कोण ऐकतो?



गेल्या पावसाळ्यात सावेडी येथे भरलेल्या शिक्षक-संमेलनात विज्ञान-शिक्षणाची चर्चा चालू असता एका शिक्षिकाभगिनींनी आपल्या वर्गातील प्रसंग निवेदन केला. सातवीतील एका मुलाने कुठल्याशा जुन्या मासिकात एका मनगटी घड्याळाचे चित्र पाहिले होते. हे घड्याळ वैमानिकांसाठी केलेले असून त्यात एक बिनतारी यंत्र बसविलेले असते, आणि संकटसमयी त्यातील तार ओढून बाहेर काढली की मदत येते, असे त्या चित्राखाली लिहिले होते. मुलाने विचारले, "बाई, ती हाक ऐकतो कोण? आणि आपली हाक ऐकली गेली, हे त्या माणसाला कळतं कसं?" बाईंनी तो प्रश्न संमेलनापुढे ठेवला, आणि मी मोठ्या विश्वासाने उत्तर दिले की, आकाशात फिरणारे उपग्रह ती हाक ऐकतात.

हे उत्तर अपुरे होते. किंबहुना त्या चित्रातील घड्याळापुरते बोलावयाचे तर ते १ फेब्रुवारी २००९ पासून चुकीचेच ठरले आहे. पुढे वाचन करताना ही गोष्ट माझ्या ध्यानी आली. सभेस जमलेल्यांपैकी पुष्कळांनी माझे वाक्य वहीत टिपून घेताना मी पाहिले होते. ते वाक्य त्यांनी खोडून टाकावे, म्हणून हा लेख. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर मी त्या दिवशी दिलेच नव्हते. ते शेवटी येईल.

प्रथम त्या घड्याळाविषयी. ब्राइटलिंग या स्वित्झर्लंडमधील कंपनीने १९९५ साली हे घड्याळ विक्रीस आणले. त्याची पेटी टायटॅनियम धातूची. पेटीच्या कडेस एक फिरकीचे टोपण असे. ते फिरवून ओढले असता आतील गुंडाळलेली बारीक तार बाहेर येई आणि त्याबरोबर आतील प्रेषक यंत्र आपोआप चालू होई. हा प्रेषक १२१.५ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर एक चढ-उताराचा सूर सतत पाठवीत राही, आणि ही क्रिया सुमारे दोन दिवस चालत असे. दुरुपयोग झाल्यास शोधकार्याचा खर्च सोसण्याचे लेखी वचन ग्राहकास द्यावे लागे, यावरून प्रकरणाचे गांभीर्य लक्षात यावे.

मनगटावरच हे यंत्र का असावे, असा प्रश्न मुले विचारतील. विमानात असा प्रेषक असतोच. आदळल्याचा धक्का बसताच तो स्वतः चालू होतो. परंतु तो विमानास जोडलेला असतो. विमान जळाले, त्याची तार तुटली किंवा ते पाण्यात बुडाले, तर प्रेषकही त्याच्याबरोबर जातो. २२ जुलै २०१६ रोजी भारतीय वायुसेनेचे एएन-३२ विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे जात असता बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्यात २९ जण होते. महिनोन् महिने शोध करूनही काही हाती लागले नाही. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटर अंतरावर, ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी त्या विमानाचे अवशेष असल्याचे निष्पन्न झाले. खारे पाणी बिनतारी लहरी गिळून टाकते. तळाशी गेलेला प्रेषक कितीही उत्तम असला तरी मुका होतो. हवाई छत्रीने उडी घेतलेल्या किंवा तराफ्यावर चढलेल्या वैमानिकाजवळ उरते ते केवळ त्याच्या अंगावर जे असेल तेवढेच. खिसा फाटतो, पिशवी वाहून जाते. मनगटावर बांधलेली वस्तू बहुधा राहते.

आता १२१.५ मेगाहर्ट्झ म्हणजे काय ते पाहू. मेगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदास दहा लक्ष कंपने. जगभरच्या नागरी विमानांनी आपत्कालासाठी ही कंपनसंख्या राखून ठेवलेली आहे. प्रवासी विमानांचे वैमानिक एक यंत्र तिच्यावर लावून कान ठेवतात. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, तेव्हा ऐकणाऱ्याची उंची जेवढी अधिक, तेवढे अधिक दूरचे ऐकू येते. वरच्या वर्गांसाठी हिशेब सोपा आहे : उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ४.१२ ने गुणावे. येणारी संख्या म्हणजे बिनतारी क्षितिजाचे अंतर, किलोमीटरमध्ये. आपल्या जिल्ह्यातील कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. त्याचे वर्गमूळ सुमारे साडेचाळीस. म्हणजे शिखरावर बसलेल्या माणसास मोकळ्या सपाटीवरील प्रेषक सुमारे १६७ किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकेल, अर्थात प्रेषकात तेवढे बळ असेल तर. दहा हजार मीटरवरून जाणाऱ्या विमानासाठी हेच अंतर चारशे किलोमीटरच्या वर जाते.

पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली कोणी पडला असेल तर? कड्याची भिंत एका बाजूच्या सर्व लहरी अडविते. डोक्यावरून कोणी गेले तरच हाक ऐकू येणार. म्हणून ऐकणारा सर्वांच्या डोक्यावरून नित्य जाणारा हवा, हा विचार पुढे आला. १९७२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे दोन सदस्य असलेले एक विमान अलास्कात बेपत्ता झाले. मोठा शोध होऊनही त्याचा आजतागायत पत्ता नाही. त्या सुमारास हा विषय ऐरणीवर आला. १९७९ साली सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा व फ्रान्स यांनी एकत्र येऊन कॉस्पास-सारसॅट ही योजना आखली. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत परस्परांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेली दोन राष्ट्रे हरवलेल्या माणसांसाठी एक झाली, हे इतिहासाच्या तासाला अवश्य सांगावे. ३० जून १९८२ रोजी पहिला सोव्हिएत उपग्रह गेला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पडलेल्या एका लहान विमानातील तिघे जण त्याच्या साहाय्याने सापडले.

उपग्रह केवळ ऐकत नाही. हाक कोठून आली हेही सांगतो. हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. दौंड-मनमाड लोहमार्गाजवळच्या गावांतील मुलांस याचा अनुभव असतो, मात्र त्यांचे तिकडे लक्ष गेलेले नसते. शिटी वाजवीत गाडी जवळ येत असता सूर उंच लागतो. गाडी समोरून गेली की सूर एकदम खाली उतरतो. यास डॉप्लर परिणाम म्हणतात. गाडी जवळ येत असता लहरी दाटीने कानावर पोचतात, दूर जाऊ लागली की विरळ होतात. येथे शिटी धावते आणि ऐकणारा स्थिर असतो. उपग्रहाच्या बाबतीत हे उलटे होते. प्रेषक जमिनीवर स्थिर पडलेला, आणि ऐकणारा सेकंदास सुमारे सात किलोमीटर वेगाने डोक्यावरून धावणारा. उपग्रह जवळ येताना त्यास प्रेषकाची कंपनसंख्या वाढलेली भासते, दूर जाताना घटलेली. ज्या क्षणी ती मूळच्याइतकी होते, त्या क्षणी उपग्रह प्रेषकाच्या अगदी बाजूस असतो. त्या क्षणी उपग्रह कोठे होता हे भूकेंद्रास ठाऊकच असते. आता प्रेषक किती अंतरावर आहे? लोहमार्गाच्या अगदी जवळ उभ्या असलेल्यास सूर एकदम उतरलेला जाणवतो, दूर शेतात असलेल्यास तो हळूहळू उतरतो. तसेच येथेही उतार किती तीव्र, यावरून अंतर काढतात. डावीकडे की उजवीकडे, ही शंका मात्र उरते. पृथ्वीच्या फिरण्याने वक्रात जो किंचित भेद पडतो त्यावरून, किंवा पुढच्या फेरीवरून, ती मिटवितात. एवढ्या युक्तीने १२१.५ वरील हाकेचे ठिकाण साधारण वीस किलोमीटरपर्यंत निश्चित करता येत असे.

येथवर माझे संमेलनातील उत्तर बरोबर होते. आता चूक कोठे झाली ते सांगतो.

१२१.५ वरील सुरास नाव नव्हते. कोण हाक मारीत आहे, विमान की नौका, कोणत्या देशाची, काहीच त्यातून कळत नसे. शिवाय याच कंपनसंख्येवर बिघडलेली कितीतरी यंत्रे नकळत गुणगुणत असत. त्यांत पैसे देणारी बँकेची यंत्रे आणि खाद्यपदार्थ भाजण्याच्या भट्ट्याही निघाल्या. २००४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ऑरिगन राज्यात एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दारावर शोधपथकाची माणसे येऊन उभी राहिली. त्याच्या खोलीतील दूरचित्रवाणी-संच बिघडून १२१.५ वर आर्त हाक घालीत होता, आणि ती थेट उपग्रहाने ऐकली होती! वाचताना हसू येते. परंतु ज्या पथकाने खोटी हाक शोधण्यात रात्र घालविली, त्याच रात्री खरी हाक दुसरीकडे उठलेली असू शकते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पहिली-दुसरीत सांगतो. येथे तर मेंढपाळाने खोडी काढण्याचीही गरज नव्हती. अखेर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणे बंद केले.

घड्याळाचा धारक मात्र तसाच राहिला. तार ओढली की पूर्वीप्रमाणेच सूर निघतो, आणि धारकास वाटते की आकाश ऐकत आहे. जवळून विमान जात असेल व त्याचा वैमानिक त्या कंपनसंख्येवर कान देऊन असेल तर तो ऐकेलही. शोधपथक जवळपास आले तर त्या सुराचा माग काढीत त्यास नेमके ठिकाण गाठता येते, आणि या कामासाठी १२१.५ आजही वापरतात. परंतु अशा वैमानिकाच्या शोधास निघावे, ही पहिली वर्दी त्या घड्याळाकडून उपग्रहास आता मिळत नाही. माझ्या उत्तरातील दोष तो हाच.

आज ती वर्दी ४०६ मेगाहर्ट्झवर दिली जाते. येथे प्रेषक सतत गात नाही. सुमारे पन्नास सेकंदांनी एकदा, अर्धा सेकंदभर, परंतु पाच वॉट इतक्या बळाने तो एक संकेत सोडतो. त्या संकेतात त्या यंत्राची स्वतःची ओळख असते : पंधरा चिन्हांची, अंक व अक्षरे मिळून झालेली. तीत देशाचा क्रमांकही येतो, भारताचा ४१९. पुष्कळ यंत्रांत स्थान सांगणारे साधनही असते. नसले तरी डॉप्लर-रीतीने ठिकाण सुमारे पाच किलोमीटरच्या आत सापडते. आपल्या शाळेतील जनरल रजिस्टरचा क्रमांक आठवावा. नुसत्या क्रमांकावरून मुलाचे नाव, पालक, गाव, जन्मतारीख सर्व सापडते. मात्र दाखल करतेवेळी लेखनिकाने ते नीट लिहिलेले असले तरच. येथेही तसेच आहे. यंत्र घेणाऱ्याने आपले नाव, विमान अथवा नौका, घरच्या माणसांचे दूरध्वनी-क्रमांक नोंदवावयाचे असतात. संकेत येताच केंद्र प्रथम घरी विचारते : अमुक व्यक्ती कोठे आहे? "अहो, यंत्र कपाटात आहे, मुलाने खेळताना ओढले असेल," असे उत्तर आले तर विमाने उठत नाहीत. "पहाटेच उड्डाण केले, अद्याप परतले नाहीत," असे उत्तर आले तर एक क्षणही वाया जात नाही. नोंदच नसेल, किंवा पत्ता दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर हे सर्व अंधारात चाचपडत करावे लागते. आपल्यापैकी ज्यांनी जुनी दाखलखारीज पुस्तके चाळली आहेत, त्यांस याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतातील या कार्याचे केंद्र बंगळूर येथे, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेकडे आहे. बंगळूर व लखनौ येथील भूस्थानके संकेत घेतात. आपल्याबरोबरच नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, सेशेल्स व टांझानिया या देशांसाठीही हे केंद्र काम करते. १९९२ व १९९३ साली सोडलेल्या इन्सॅट-२ए आणि २बी या उपग्रहांपासून आपल्या भूस्थिर उपग्रहांवर ४०६ मेगाहर्ट्झ ऐकण्याची योजना करण्यात येऊ लागली. पुढे २०१३ च्या इन्सॅट-३डी वरही ती झाली. समुद्रावरील शोधकार्य तटरक्षक दलाकडे असून पश्चिम किनाऱ्यासाठी त्याचे केंद्र मुंबईस आहे. या जागतिक व्यवस्थेमुळे १९८२ पासून पन्नास हजारांहून अधिक माणसांच्या सुटकेस साहाय्य झाले आहे.

घड्याळाच्या कर्त्यांनी २०१३ साली दुसरा नमुना पुढे आणला. त्यात ४०६ आणि १२१.५ अशा दोन्ही कंपनसंख्यांचे प्रेषक आहेत : पहिला उपग्रहास वर्दी देण्यासाठी, दुसरा जवळ आलेल्या पथकास वाट दाखविण्यासाठी. पाच वॉटचे बळ मनगटावरील विद्युत्‌घटातून काढावयाचे, म्हणून यंत्र चोवीस तासच चालते, आणि घट वेळोवेळी भारित करून ठेवावा लागतो. घड्याळही चांगलेच जाडजूड आहे. व्यास एक्कावन्न मिलिमीटर, म्हणजे दोन इंच! मुलांस तारेच्या लांबीचा हिशेबही करावयास द्यावा : ३०० ला मेगाहर्ट्झच्या संख्येने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये येते. १२१.५ ची लहर सुमारे अडीच मीटर, ४०६ ची पाऊण मीटरहून किंचित कमी. तारेस चांगले काम करावयाचे तर तिची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असावी लागते. मनगटावरून एवढी तार का ओढावी लागते, हे यावरून त्यांस उमगेल.

या व्यवस्थेची कसोटी आपल्या परिचयाच्या एका प्रसंगात लागली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा नौका बांधण्याचा कारखाना आहे. तेथे बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी मुंबईहून निघून, कोठेही न थांबता, एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. टॉमी हे त्या वेळी नौदलातील वैमानिक होते. पुढे २०१८ साली ते एका जागतिक शर्यतीत उतरले. त्या शर्यतीत अर्धशतकापूर्वीची साधनेच वापरावयाची होती. म्हणून दिवाडीलाच जुन्या धाटणीची 'थुरिया' नौका बांधली गेली. आपत्कालीन बिनतारी यंत्र मात्र जवळ ठेवावयाचे होते.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, प्रचंड वादळाने 'थुरिया' उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली. टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास गंभीर दुखापत झाली आणि त्यांस उठताही येईना. नौकेवरील यंत्राने ४०६ मेगाहर्ट्झवर हाक दिली. लघुसंदेशाच्या साधनावरून त्यांनी आपली अवस्थाही कळविली. ऑस्ट्रेलियाच्या शोधकेंद्राने सूत्रे हाती घेतली. भारतीय नौदलाचे पी-८आय विमान मॉरिशसहून झेपावले आणि २३ सप्टेंबरला त्यास ती मोडकी नौका लाटांवर हेलकावताना दिसली. २४ तारखेस 'ओसिरिस' या फ्रेंच मत्स्यरक्षक जहाजाच्या माणसांनी लहान होडीतून जाऊन त्यांस उचलले व अ‍ॅमस्टरडॅम बेटावर पोचविले. तेथून नौदलाच्या 'सातपुडा' युद्धनौकेने त्यांस स्वदेशी आणले. तीन दिवस, तीन देशांची माणसे, आणि मूळ आधार अर्ध्या सेकंदाच्या संकेताचा. २०२२-२३ मध्ये टॉमी त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

शत्रूच्या प्रदेशात उतरलेल्या वैमानिकाची गोष्ट वेगळी, हे एका वाक्यात सांगून ठेवतो : तेथे हाक मित्राबरोबर शत्रूही ऐकतो, म्हणून १९९५ च्या जूनमध्ये बोस्नियात पाडलेल्या विमानाचा अमेरिकी वैमानिक सहा दिवस रानात लपून राहिला आणि बिनतारी यंत्र अगदी जपून वापरीत होता.

वर्गातील प्रयोगासाठी एक सूचना. विजेरीच्या घटावर वाजणारी लहान गुणगुणी कापडी पिशवीत घट्ट बांधावी, पिशवीस मीटरभर मजबूत दोरी लावावी, आणि मोकळ्या मैदानात शिक्षकांनी ती डोक्याभोवती फिरवावी. मुले दहा-बारा पावले दूर उभी असावीत. सूर चढतो-उतरतो हे त्यांस तत्काळ जाणवेल. जो फिरवितो त्यास मात्र फरक जाणवत नाही. तो का जाणवत नाही, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. गाठ तपासल्यावाचून पिशवी फिरवू नये.

राहिला त्या मुलाचा दुसरा प्रश्न : हाक ऐकली गेली, हे संकटातील माणसास कळते कसे? दीर्घकाळ याचे उत्तर "कळत नाही" असेच होते. माणूस तार ओढून वाट पाहत बसे. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी २०२० पासून ही उणीव भरून काढण्यास आरंभ केला. योग्य बनावटीच्या यंत्राकडे ते उलट संकेत पाठवितात आणि त्यावर एक दिवा लागतो. आपल्या मच्छीमारांसाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने केलेले आपत्सूचक यंत्रही प्रथम एकतर्फीच होते. जानेवारी २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि तीत किनाऱ्यावरून पोच येते.

टॉमी यांस पोच मिळाली ती वेगळ्या रीतीने. पी-८आय विमान डोक्यावरून जाऊ लागले तेव्हा ते नौकेत पडून होते. वर येऊन हात हलविणे शक्य नव्हते. विमान वरून जाताच त्यांनी आपत्कालीन यंत्रावरूनच संकेत देऊन प्रत्युत्तर केले, आणि नौकेतील माणूस जिवंत व शुद्धीवर आहे, हे विमानातील माणसांस कळले.